आलीस की आलात

सकाळी कामावर आल्याआल्या तिनं कागदाची पहिली पट्टी नाकाशी धरली आणि पट्टीला कसलाच वास आला नाही. तिला वाटलं, बुडवायची राहिली. दुसरी घेतली, तिसरी घेतली. मग बूच काढून नाक थेट बाटलीला लावलं. साबणाच्या कारखान्यातल्या वासाच्या खोलीत असं करणं म्हणजे गवयानं पेटीत डोकं घालण्यासारखं होतं, पण तिनं केलं. तरी काही नाही. गुलाब नव्हता, चंदन नव्हतं, बाटलीत नुसतं पिवळसर पाणी होतं आणि ते डुचमळत होतं. गेल्या आठवड्यात सर्दी येऊन गेली होती, ती जाताना नाक बरोबर घेऊन गेली असणार. आता घाबरायला हवं होतं, कारण इथली तिची नोकरी ही नाकाची नोकरी होती आणि ती स्वतः त्या नाकाला रोज कारखान्यात उचलून आणण्यापुरतीच होती. पण ती घाबरली नाही. पोटातून काहीतरी फसफसत वर आलं, शाळेच्या फाटकावर पोचावं आणि शिपायानं ‘आज सुट्टी’ म्हणून सांगावं तसं. साहेब आत आले, पट्टी तिच्यापुढे धरून म्हणाले, ‘‘कसा वाटतो नवा?’’ तिनं डोळे मिटले, योग्य तेवढा वेळ थांबली आणि म्हणाली, ‘‘जरा पोरकट आहे.’’ साहेबांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. ‘‘अगदी माझ्या मनातलं बोललात!’’ ते पट्टी घेऊन निघून गेले आणि खालच्या मजल्यावर साबणाचा एक अख्खा घाणा पोरकट ठरून परत ढवळायला गेला. ती खिडकीशी उभी राहून खुदुखुदु हसली. बाहेर रस्त्यावर एक कचऱ्याची गाडी चालली होती, मागून एक बाई ओल्या केसांची, मागून एक म्हातारा सिगरेट ओढत. आणि त्यातल्या कुणाबद्दलच तिला काही कळत नव्हतं. लोक नुसते दिसत होते. इतरांना जग असं दिसतं होय, असं वाटून तिला त्या इतरांचा हेवा वाटला, आणि आता आपण इतरांतच आहोत हे आठवून उडी मारावीशी वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. आईबाबांच्या बिल्डिंगमधल्या, तळमजल्यावरच्या शिंपीणकाकू होत्या.

‘‘नाक, कुठे आहेस? लगेच ये बाई. तुझे बाबा जिन्यात बसलेत.’’

‘‘बसलेत म्हणजे?’’

‘‘म्हणजे उठत नाहीत. उठवलं तर झोक जातोय, जीभ जड झालीय. आम्ही सगळे ओलांडून जातोय मघापासून. मी उशी दिलीय डोक्याखाली, नाही असं नाही. तुझी आई दार लावून बसलीय. म्हणते, लेक येऊन सांगेपर्यंत मी तोंड बघायची नाही.’’

‘‘अहो काकू, डॉक्टर?’’

‘‘सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, आधी निकाल लागू दे.’’

ती टॅक्सीत बसली तेव्हा गुडघे नाचत होते. टॅक्सीवाल्यानं आरशातून पाहिलं आणि विचारलं, ‘‘परीक्षा का?’’ ती ‘‘हो’’ म्हणाली. खोटं नव्हतं ते. नाक हे तिचं टोपणनाव शाळेत नाव घालण्याच्या आधीच पडलं होतं, आणि परीक्षाही तेव्हापासून चालूच होती. बाबा पाट्या रंगवायचे: दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ‘येथे वाहने उभी करू नयेत’च्या. त्यामुळे त्यांच्या अंगाला कायम टर्पेंटाइनचा वास, आणि त्या वासाच्या आड दुसरा वास उभा असला तर तो आईला सापडायचा नाही. आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये, तिचा सगळा जीव कानात. बाबा दारात आले की ती हळूच म्हणायची, ‘‘जा, मिठी मार बाबांना.’’ पोर धावत जायची, बाबांच्या मानेत तोंड खुपसायची आणि वळून आईकडे बघायची. मान खाली गेली तर हो, आडवी हलली तर नाही. बाबांना वाटायचं, काय जीव आहे पोरीचा आपल्यावर! जीव होताच. पण तो ड्यूटीवर असायचा. बिल्डिंगमध्ये ही गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरच्या बसड्रायव्हरकाकांची बायको वाटीभर साखर मागावी तशी दारात यायची, ‘‘वहिनी, जरा नाक देता का? ह्यांची दुपारची पाळी आहे.’’ नाक वर जायचं, काकांसमोर बसून बेचा पाढा म्हणायचं, काका ‘‘शाब्बास’’ म्हणाले की त्या शब्दाबरोबर जे काय बाहेर यायचं ते हुंगायचं आणि खाली येताना निकाल द्यायचं. निकाल वाईट लागला की काकू काकांचा युनिफॉर्म बादलीत भिजत घालायची. मग शहरातल्या एका मार्गावरची एक बस दुसराच कुणीतरी घेऊन जायचा आणि आतली माणसं घड्याळाकडे बघून चरफडायची. आपण जिवंत पोचतोय ते एका पेपरमिंट चघळणाऱ्या पोरीच्या नाकपुडीमुळे, हे त्यांना कोण सांगणार?

बाबा पिऊन कधी ओरडले नाहीत, कुणावर हात टाकला नाही. लोकांना त्याचं फार कौतुक. प्यायले की ते अतोनात सभ्य व्हायचे. एरवी ‘‘ए कार्टे, माझा ब्रश कुठे घातलास?’’ असं खेकसणारा माणूस प्यायला की वीतभर लेकीपुढे कमरेत वाकून म्हणायचा, ‘‘आपण आलात? बसावं.’’ आई ‘‘बाईसाहेब’’ व्हायची. जिन्यातल्या मांजरीला ‘‘आधी आपण’’ म्हणून वाट दिली जायची, आणि मांजरही अशी तोऱ्यात जायची की जणू तिच्या घराण्यात हे चालतच आलंय. बिल्डिंगमधली माणसं दारं उघडून बघायची, हसायची. ‘‘पेंटर म्हणजे देवमाणूस,’’ म्हणायची आणि दारं लावून घ्यायची. आत घरात मात्र आदरार्थी बहुवचन ऐकलं की दोघी हातातलं काम टाकून एकमेकींकडे बघायच्या. पहिलीत बाईंनी तिला प्रेमानं ‘‘या, आपण इथे बसा हं,’’ म्हटलं तेव्हा तिनं भोकाड पसरलं होतं आणि बाईंना शेवटपर्यंत कळलं नव्हतं, काय चुकलं. त्या सभ्यतेत एक-एक वस्तू निघून गेली. कामं गेली: एका दंतवैद्याच्या पाटीवर बाबांनी हातभर अक्षरात ‘अंतवैद्य’ लिहून ठेवलं आणि त्या बिचाऱ्यानं ती दोन दिवस न वाचताच दवाखान्यावर टांगून ठेवली. नातेवाईक गेले. तिच्या वाढदिवसाला बोलावलेल्या मुली एकदा आल्या, त्यांना दारात ‘‘आपलं स्वागत असो’’ म्हणून बाबांनी प्रत्येकीला लवून नमस्कार केला, त्या पुन्हा आल्या नाहीत. आई टेलिफोनच्या गोड आवाजात गिऱ्हाइकांना सांगत राहिली, ‘‘त्यांना बरं नाही हो आज,’’ आणि बाबांना कधी साधा ताप आला नाही. इतका आजारी आणि इतका धडधाकट माणूस शहरात दुसरा नसेल.

मग बाबांनी सोडली. म्हणजे सोडली असं सगळे म्हणाले. कशी, कधी, हे कुणी नीट बोललं नाही. बाबांच्या पाट्यांतले काने सरळ यायला लागले, त्यावरून धरायचं. ती तोवर वेगळी खोली घेऊन राहायला लागली होती, दर रविवारी जायची, दारात मिठी मारायची, आईकडे बघून मान आडवी हलवायची आणि आई चहा टाकायची. चहा त्याआधी कधी टाकला जात नसे. सवय अशी लागली होती की तिला आवडलेल्या एकुलत्या एका पुरुषालाही, त्या उंच, भिडस्त, नकाशे काढणाऱ्या माणसाला, ती भेटल्याभेटल्या मिठी मारायची आणि मारल्यावर क्षणभर श्वास ओढून थांबायची. तो आयुष्यात लिंबूपाण्यापुढे गेला नव्हता. तरी एक दिवस त्यानं तिचे खांदे धरून तिला लांब केलं आणि विचारलं, ‘‘तू मला भेटतेस, की तपासतेस?’’ खरं म्हणजे त्याच क्षणी तिच्या मनात आलं होतं की हा आज इतकं चांगलं का बोलतोय, आणि तिनं पुन्हा हुंगलं होतं. तो गेला. अतिशय सभ्यपणे गेला, त्यामुळे तर तिला जास्तच संशय आला.

टॅक्सी सिग्नलला थांबली. ती मनात एकीकडे ‘चल, चल’ करत होती आणि एकीकडे तिच्या लक्षात आलं की आपण प्रार्थना करतोय. कसली, ते नीट ऐकल्यावर ती स्वतःच दचकली. देवा, आजारी असू देत. एवढं कर. एखादा चांगला, दणदणीत आजार असू दे, ज्याला नाव असतं, ज्याला गोळ्या असतात, ज्याला लोक फळं घेऊन येतात. जगात बापाच्या आजारपणासाठी नवस बोलणारी लेक आपण पहिलीच असू, असं वाटून तिला हसू आलं, आणि हसतानाच ती टॅक्सीवाल्याला ‘‘जरा लवकर घ्या’’ म्हणाली, कारण आजार असेल तर तो तिकडे जिन्यात बसल्याबसल्या आपलं काम करत होता. लोक त्याला ओलांडून जात होते. आणि निकाल द्यायला निघालेल्या बाईला नाकच नव्हतं.

ती जिन्यात शिरली तेव्हा गर्दी बाजूला झाली, डॉक्टरांना करतात तशी. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर बाबा भिंतीला टेकून बसले होते, डोक्यामागे शिंपीणकाकूंची फुलाफुलांची उशी, एक हात मांडीवर उताणा पडलेला, तो त्यांचा नसून कुणीतरी विसरून गेल्यासारखा. शर्टाला निळ्या रंगाचे ठिपके. सेक्रेटरी कठड्याला धरून उभे होते. ‘‘हे बघ,’’ ते म्हणाले, ‘‘प्यायले असतील तर आपण सगळे मिळून वर नेऊन झोपवू. नसतील तर गाडी बोलावू. दोन्हीची तयारी आहे. तू फक्त सांग.’’ वरून कडी वाजली. आई दार किलकिलं करून उभी राहिली, हाताची घडी घालून. चेहऱ्यावर राग असा घट्ट बसवलेला की तो जरा जरी हलला तर खाली दुसरंच काहीतरी निघेल. ‘‘इतकी वर्षं,’’ आई वरूनच म्हणाली. बसड्रायव्हरकाका, आता निवृत्त, बनियनवर उभे होते, ते कारण नसताना दोन पायऱ्या मागे सरकले.

ती बाबांच्या समोर बसली. सवयीनं मानेत तोंड खुपसलं. मोठा श्वास ओढला. पांढरं. नुसतं पांढरं, धुतलेल्या पाटीसारखं; टर्पेंटाइनसुद्धा नाही. निकाल ऐकायला माणसं कशी मान पुढे करतात ते तिला पाठीनं दिसत होतं. दुसरा श्वास ओढला, तोही रिकामा. मग तिनं आयुष्यात पहिल्यांदा तोंड मागे घेऊन बापाकडे पाहिलं. आजवर पाहायचं कारणच पडलं नव्हतं. मिठीत माणूस दिसत नाही. बाबांना मिशीत एक पांढरा केस उलटा उगवलेला होता. एक भुवई वर, एक खाली. त्यांचे डोळे तिच्यावर होते आणि ते कसली तरी प्रचंड धडपड करत होते, आत कुणीतरी अडकून दारावर आतून धक्के मारावेत तशी. ओठांची डावी बाजू हलली, उजवी हललीच नाही. लाळ ओघळली. आणि त्यातून शब्द आला.

‘‘आयीश,’’ बाबा म्हणाले.

‘‘काय म्हणाले?’’ सेक्रेटरींनी विचारलं.

‘‘काही नाही हो, बरळतायत,’’ कुणीतरी म्हणालं.

आयीश. लाळेतून, लुळ्या जिभेवरून घसरत, मोडकंतोडकं. पण ‘आ’नंतर ‘ई’ होती, ‘आ’ नव्हता, आणि शेवटी ‘त’ नव्हता. आलीस. आलात नव्हे, आलीस! प्यायलेला बाप तिला उभ्या जन्मात आलीस म्हणाला नव्हता. जीभ कितीही अडखळू दे, दारूतल्या बाबांचं व्याकरण कधी चुकलं नव्हतं. भिंतीला धडकले तर भिंतीला ‘‘क्षमा असावी’’ म्हणायचे. तिनं खात्री करायला त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. ‘‘बाबा, मी कोण?’’ बाबांनी पुन्हा जोर केला, कपाळाची शीर टरारली. ‘‘का... का’टे,’’ ते म्हणाले.

‘‘गाडी!’’ ती किंचाळली. इतक्या आनंदानं आजवर कुणी किंचाळलं नसेल. ‘‘प्यायलेले नाहीत! आजारी आहेत! मला कार्टे म्हणाले! गाडी आणा, उभे काय राहिलाय!’’

निकाल लागल्याबरोबर जिन्यातली सगळी माणसं एकदम चांगली झाली. सेक्रेटरींनी पाय धरले, शिंपीणकाकूंनी उशी सांभाळली, आत्तापर्यंत ओलांडून गेलेले दोघेजण ‘‘हळू, हळू’’ म्हणायला लागले. आई पायऱ्या उतरून आली ती अनवाणीच. रुग्णवाहिकेला वेळ लागेल म्हणाले, तेव्हा बसड्रायव्हरकाकांनी जावयाची व्हॅन काढली. बनियनवरच. काकांनी आयुष्यभर बस चालवली होती आणि हाताला दुसरं काही माहीत नव्हतं. गाडी सुसाट सुटायची आणि बसथांबा दिसला की आपोआप डावीकडे कलून हळू व्हायची. थांब्यावरची माणसं पुढे यायची. ‘‘अहो, प्रवासी नाही घ्यायचे!’’ आई ओरडायची. काका ‘‘माफ करा वहिनी’’ म्हणून पुन्हा सुसाट. मागच्या सीटवर बाबांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. आईनं त्यांचा तो विसरलेला हात उचलून आपल्या हातात घेतला, मग दुसऱ्या हातानं लेकीचं मनगट पकडलं.

‘‘नक्की ना गं? वास नव्हता?’’

‘‘वास मला सकाळपासून कशाचाच येत नाहीये, आई.’’

गाडी एका थांब्यापाशी हळू झाली, पुन्हा सुटली. ‘‘मग कशावरून सांगितलंस?’’

‘‘आलीस म्हणाले.’’

दुसऱ्या कुठल्याही बाईनं विचारलं असतं, म्हणजे काय. आईनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलायला लागले, रडतेय की हसतेय ते बघायला लेकीला वेळ नव्हता, कारण तेवढ्यात इस्पितळाचं फाटक आलं आणि काकांनी अगदी दारासमोर, फूटपाथला खेटून, पुस्तकात दाखवतात तसा थांबा घेतला.

तरुण डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि पहिला प्रश्न तोच विचारला, ‘‘घेतलीय का ह्यांनी?’’ लेक ‘‘नाही’’ म्हणाली. तिचा आवाज इतका ठाम होता की बाईंनी पुन्हा विचारलं नाही, स्ट्रेचर पळवलं. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. औषध द्यायची वेळ जेमतेम शिल्लक होती, ती साधली. आणखी थोडं जिन्यात राहिले असते तर काय, ते बाईंनी हातानंच दाखवलं, पंजा उलटा करून. मग बसायचं होतं. आई बाकावर बसली आणि फोन लावायला लागली. एक्सचेंजमधला तो जुना, गोड, गोल आवाज बाहेर आला, पण त्याला आता धार होती. ‘‘हॅलो, वन्सं? अहो, तुमच्या भावाला बरं नाही. नाही, नाही, खरंच बरं नाही! अर्धांगवायू! डॉक्टर म्हणाल्या! मोठा आहे चांगला!’’ पलीकडून काहीतरी आलं. ‘‘मग या ना, तुमच्या डोळ्यांनी बघा!’’ तिनं दुसरा फोन लावला, तिसरा लावला, जिच्याशी गेल्या कित्येक वर्षांत बोलणं नव्हतं त्या बहिणीला लावला. सगळ्यांना तेच, दवंडी पिटावी तसं. शेजारच्या बाकावरचा रुग्णाचा एक नातेवाईक चकित होऊन म्हणाला, ‘‘मुलगा झाला का?’’ लेकीला हसू आवरेना. आणि मग एका फोनच्या मध्येच आईचा आवाज बंद पडला. पलीकडचं माणूस ‘‘हॅलो, हॅलो’’ करत होतं. ‘‘दार वाजवलं होतं गं त्यांनी,’’ आई म्हणाली. ‘‘दोनदा. मी दाराच्या भोकातून बघितलं, झोक जाताना दिसला. मी कडी घातली.’’ फोनमधलं हॅलो चालूच होतं. लेकीनं तो हातातून काढून घेऊन बंद केला. मिठी मारावीशी वाटली, ती तिनं मारली, आणि आईच्या केसांना कसलाच वास नव्हता.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. धोका टळलाय म्हणाल्या, उजवी बाजू हळूहळू येईल, बोलणंही. जाता जाता थांबल्या. ‘‘रक्तात दारूही तपासली होती, नेमाप्रमाणे. आता उपचारात त्यानं काही फरक पडत नाही. पण तुम्हाला हवं असेल तर सांगते.’’

‘‘सांगा,’’ आई म्हणाली.

‘‘नको,’’ लेक म्हणाली.

दोन्ही एकदमच. डॉक्टरीणबाई एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर बघत राहिल्या, एकच साडी दोन गिऱ्हाइकांनी धरल्यावर दुकानदार बघतो तशा. लेक काही उदात्त वगैरे झाली नव्हती. तिला फक्त एकदा, एक दिवस, आपण म्हटलं म्हणून एखादी गोष्ट खरी असावी असं वाटत होतं. आईनं बराच वेळ आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग ती उठली, बाईंना बाजूनं ओलांडून सरळ आत गेली. लेक मागोमाग.

बाबा उशीला टेकून होते, नळ्यांमध्ये. आई पलंगाच्या कठड्याला धरून उभी राहिली. ‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘तुम्ही प्यायला होतात का?’’

हा प्रश्न त्या घरात कधी कुणी विचारलाच नव्हता. बाटल्या शोधल्या होत्या, खिसे उलटे केले होते, पोर धाडली होती. पण त्या माणसाला तोंडावर, उत्तर ऐकायच्या तयारीनं, कधी कुणी विचारलं नव्हतं. बाबांनाही ते नवीन असावं. त्यांची चांगली भुवई वर गेली. ते आईकडे बघत राहिले, मग लेकीकडे, मग पुन्हा आईकडे, आणि अर्ध्या तोंडानं, एक एक अक्षर खिळा उपटावा तसं उपटून काढत म्हणाले,

‘‘आज... नाई.’’

बाहेर कुणाचं तरी स्ट्रेचर गेलं. आज. तो शब्द त्यांनी मुद्दाम घातला होता. तो टाळला असता तर किती कमी कष्ट पडले असते. लेकीच्या डोळ्यांसमोरून रविवारमागून रविवार गेले, प्रत्येकाच्या आधी एक शनिवार असलेले, आणि पाच इतर वार. इतकी वर्षं आडवी हललेली आपली मान. नाकावर माशी बसल्यासारखी ती चिडायला हवी होती. पण तिच्या पोटात पुन्हा तेच फसफसत वर आलं, सकाळपेक्षा कितीतरी जोरात, कारण तिनं न हुंगता बापानं स्वतःच्या तोंडानं काहीतरी सांगितलं होतं. आईनं कठडा सोडला. पायानं स्टूल ओढलं, पलंगाला लावून त्यावर बसली आणि पदर खोचला.

‘‘बरं,’’ आई म्हणाली. ‘‘आता काल काय झालं ते सांगा. सावकाश. आम्हाला कुठे जायचं नाही.’’